व्हिडिओ पाठवला म्हणजे शिकवून झालं? ब्लेंडेड लर्निंगमधल्या या चुका टाळा

ब्लेंडेड लर्निंग म्हणजे थोडं स्क्रीनवर, थोडं वर्गात शिकणं. त्याच पद्धतीने आठवीला धाराविद्युत शिकवायची होती. आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकला. सकाळी विचारलं, "पाहिला का?" सगळे हात वर. मग मी तेच सगळं फळ्यावर पहिल्यापासून शिकवलं. सर परत शिकवतातच हे एकदा कळल्यावर घरी व्हिडिओ कोण बघतंय?

आता "पाहिला का?" विचारतच नाही. तास सुरू झाला की फळ्यावर एक आकृती काढतो: एक सेल, एक बल्ब, एकच वायर. पेटेल का? का? उत्तर वहीत, दोन ओळींत. बाकांमधून एक फेरी मारली की कोणाचं गाडं कुठे अडलंय ते दिसतं. ज्यांनी पाहिला नाही ते मागे बसून टॅबवर बघतात. त्यांना ओरडू नका. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो. म्हणून व्हिडिओ चार-पाच मिनिटांचाच निवडा आणि दोन दिवस आधी द्या. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' हे सरकारी शिक्षण अ‍ॅप उघडायला सांगणार असाल, तर कुठून कुठपर्यंत बघायचं तेही सांगा.

दुसरी चूक मला जास्त शिकवून गेली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' (PhET) या वेबसाइटवर सर्किट जोडायचं मोफत सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरचा प्रयोग, आहे. त्यात पोरांनी दोन मिनिटांत बल्ब पेटवले. मग हातात 1.5 व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायर दिली, तर निम्म्या गटांचा बल्ब पेटेना. "सर, सेलच खराब आहे," म्हणत एका गटाने तीन सेल बदलले. वायरचं टोक कुणी सोललंच नव्हतं! स्क्रीनवरची वायर सोलावी लागत नाही ना.

तेव्हापासून क्रम उलटा: आधी खरी वायर, मग स्क्रीन. स्क्रीनवर ते दाखवायचं जे डोळ्यांना दिसत नाही किंवा वर्गात करू नये. शॉर्टसर्किट केलं की तिथे बॅटरीतून ज्वाळा निघतात, आणि पोरं खूश.

एक गट टॅबवर, एक प्रयोगावर, एक वहीवर, मग अदलाबदल, असे तीन गट 35 मिनिटांच्या तासात फिरवायला जाऊ नका. उठण्या-बसण्यातच वेळ जातो. जोडतास मागून घ्या. टॅब चारच असले तरी चालतं, एका टॅबवर तिघं बसवा, पण बोट कोणाचं चालणार याची पाळी लावा. नाहीतर एकच पोरगं खेळतं, बाकीचे बघे.

ऑनलाइन चाचणीचे गुण रविवारी तक्त्यात भरत बसण्यापेक्षा त्याच संध्याकाळी एवढंच बघा: कोणता प्रश्न सगळ्यात जास्त चुकला? दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिला तोच.