कोरड्या काळात ४२ वे स्तोत्र घेऊन प्रार्थना कशी करावी

प्रार्थनेला बसावे आणि मनात काहीच उमटू नये, पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, वचने नुसती डोळ्यांखालून जावीत, असा काळ प्रामाणिक विश्वासणाऱ्याच्याही वाट्याला येतो. अशा वेळी भावना परत येईपर्यंत प्रार्थना थांबवू नये. बायबलमधील स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील ४२ वे आणि ४३ वे स्तोत्र सलग घेऊन त्यांचे शब्द आपलेसे करावेत.

त्याआधी मात्र शरीराकडे पाहावे. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याने त्याला दोनदा उठवून खाऊ घातले आणि मगच एलीया होरेब या देवाच्या डोंगराच्या वाटेला लागला (बायबल, १ राजे, अध्याय १९). झोप, भूक आणि उमेद बरेच दिवस हरपली असेल, तर चर्चच्या पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटावे. त्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

मग स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचावे. हा गाणारा यरुशलेमच्या मंदिरापासून दूर, यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या प्रदेशात आहे, रात्रंदिवस रडतो आहे, आणि तुझा देव कोठे आहे, असे लोक त्याला विचारत आहेत. तरीही, तू मला का विसरलास, हा प्रश्न तो देवालाच विचारतो. मला या स्तोत्रात हेच सर्वांत मोलाचे वाटते. ज्याच्याविषयी गाऱ्हाणे आहे त्याच्याशी बोलणे त्याने सोडलेले नाही. आपले गाऱ्हाणेही तसेच, शब्द न सजवता सांगावे. देवाची ओढच वाटत नसेल, तर ती वाटत नाही याचे दुःख त्याच्यापुढे मांडावे, कारण त्या दुःखातही त्याचीच तहान आहे.

चौथ्या वचनात तो सणाला निघालेल्या समुदायाबरोबरचे दिवस आठवतो. म्हणून मंडळीची, म्हणजे चर्चमधील सर्वांची, उपासना चुकवू नये. गाण्याची इच्छा नसेल, तर इतरांचे गाणे ऐकत बसावे.

जिवा, तू खिन्न का झालास, देवाची आशा धर, हे पालुपद दोन्ही स्तोत्रे मिळून तीनदा येते, आणि पहिल्यांदा म्हटल्यानंतरही त्याची खिन्नता परत येतेच. त्यामुळे एकदा वाचून मन हलके झाले नाही म्हणून निराश होऊ नये; तेच स्तोत्र रोज ठरलेल्या वेळी घ्यावे. देवाचे गुणगान आपण पुढे पुन्हा गाऊ, एवढेच तो म्हणतो. आजच आनंद वाटलाच पाहिजे, अशी सक्ती आपणही स्वतःवर करू नये.

एखाद्या दिवशी हेही जड वाटले, तर ८८ वे स्तोत्र वाचावे. ते अंधारातच संपते, पण त्याच्या पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हणून हाक मारलेली आहे. त्या दिवशी तेवढी हाक मारून उठावे आणि दुसऱ्या दिवशी ४२ व्या स्तोत्राकडे यावे.