बटण दाबलं की पंजाऐवजी बकेट हलायची

आमच्या ट्रॅक्टरच्या लोडरला दोनच लिव्हर: एक उचलायला, एक बकेट वाकवायला. कडब्याच्या पेंढ्या धरायचा पंजा जोडला तेव्हा तेलाची तिसरी लाइन हवी होती. म्हणून बकेटच्या पाइपांमध्ये १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (करंट दिला की चुंबक होणाऱ्या कॉइलने तेलाची वाट बदलणारा) बसवला आणि लिव्हरच्या मुठीवर बटण दिलं. बटण दाबून लिव्हर हलवला की तेल पंजाकडे वळतं.

आठवडाभर छान चाललं. मग बटण दाबलेलं असूनही पंजा न मिटता बकेटच वाकायला लागली. भरलेली बकेट अशी अचानक वाकणं फार धोक्याचं, शेजारी माणसं उभी असतात.

मला वाटलं व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला. खोलण्याआधी, बरं झालं, कॉइलच्या नटाला स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला. बटण दाबल्यावर तो जेमतेम चिकटत होता. मीटर लावला: बॅटरीला १२.६, कॉइलवर फक्त ८.९ व्होल्ट. कॉइल ३६ वॅटची, म्हणजे ३ अँपिअर खाणारी, आणि मी दिलेली वायर इंडिकेटरची बारीक. अर्थिंग तर चक्क रंगावरच कसलेलं.

रंग खरवडून अर्थिंग चकचकीत लोखंडावर घेतलं. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आता बटणातून फक्त रिलेपुरता करंट जातो. कॉइलला आडवा डायोडही (एकाच दिशेने करंट सोडणारा) टाकला, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला, म्हणजे कॉइल बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजने रिलेचे पॉइंट जळत नाहीत.

आता कॉइलवर १२.२ मिळतात. स्क्रू ड्रायव्हर ओढून काढावा लागतो.