पेपरक्रीटच्या विटा: घाई करणाऱ्यांच्या चुका

रद्दीचा लगदा, सिमेंट आणि थोडी वाळू, हे झालं पेपरक्रीट. साचा काढल्यावर वीट उभी राहिली की लोकांना वाटतं, झालं काम. खरं काम तिथून पुढं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओली वीट भिंतीत घालणं. कोल्हापूरच्या फुलेवाडीत एकानं मे महिन्यात घरामागं खोली काढली. पाऊस तोंडावर आला म्हणून वरून कोरड्या दिसणाऱ्या विटा रचल्या आणि लगेच गिलावा केला. मी त्याच्यासमोर एक वीट फोडली. आत बोट लावलं तर गार, ओलं लागत होतं. "आता थांबलो तर पावसात सापडतोय बघा," म्हणाला. दिवाळीनंतर भिंत वाळत वाळत खाली बसली. बीमखाली बोट जाईल एवढी फट पडली, गिलाव्याला सांध्यासांध्यावर भेगा गेल्या. गवंड्याला शिव्या घालून काय उपयोग? कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगलेले असतात, ते पाणी गेलं की आकसतात. ते आकसणं भिंतीत घालण्याआधीच उरकलं पाहिजे.

मी एका विटेवर खडूनं खूण करतो आणि आठवड्याला ती रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवतो. वजन उतरायचं थांबेपर्यंत बांधकाम नाही. विटा पाडायच्या दिवाळी झाल्यावर. जूनमध्ये सुरुवात करणाऱ्याला मी सल्लाच देत नाही.

दुसरी खोड म्हणजे काँक्रीटसारखं रोज पाणी मारणं. सिमेंटला ओल लागते हे खरं, पण ती लगद्यातच भरपूर असते. सुरुवातीचे काही दिवस सावली द्या, मग विटा कडेवर उभ्या करा, मध्ये वारा खेळू द्या. ताडपत्रीत गच्च गुंडाळल्या तर बुरशी धरते. पहिल्याच दिवशी कडक उन्हात टाकल्या तर वाकड्या होतात.

आकसणं फार वाटलं तर वाळू वाढवा. वीट जड होईल, ते चालवून घ्या.

गुळाच्या खोक्यांचा चिकट पुठ्ठा लगद्यात नको. साखरेनं सिमेंट घट्ट व्हायला वेळ लागतो.

गुळगुळीत मासिकांच्या कागदावर मातीचा लेप असतो, त्यात तंतू कमी. वर्तमानपत्रच बरं.

जोतं दगडाचं किंवा काँक्रीटचंच घ्या. पेपरक्रीट जमिनीतली ओल वर ओढतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी जिथं शिरलं, तिथं या विटा वापरूच नका.