शुगर उतरलीय की ऊन लागलंय? या चुका टाळा

वेचणीचे दिवस होते. परभणीजवळच्या शेतात आत्या कापूस वेचत होती. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, पण पोटात नुसता बिनसाखरेचा चहा. दहाच्या सुमाराला बोंडातला कापूस तिच्या बोटांत धरेना. हवेत गारवा, तरी कपाळावरून घामाच्या धारा. "काही नाही रे, ऊन लागलंय," म्हणाली. आम्हीही ते खरं मानून तिला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. पहिली चूक हीच. मशीनवर शुगर निघाली 52.

मेंदू वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराची जवळपास 20 टक्के ऊर्जा एकटा खातो आणि साठा जवळजवळ ठेवत नाही. म्हणून त्यातला हायपोथॅलॅमस नावाचा भाग रक्तातल्या साखरेवर सतत लक्ष ठेवतो. साखर घसरली की ॲड्रेनालिन हे संप्रेरक सुटतं आणि थरथर, धडधड, घाम सुरू होतो. रक्तदाबाची किंवा हृदयाची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर-धडधड दबते, घाम मात्र येतो. शुगर वारंवार उतरत असेल तर हे इशारेच बोथट होतात. अशांनी अंगावर विसंबू नये, मशीन वापरावं.

दुसरी चूक भाकरीची. आम्ही शिदोरी सोडायला लागलो होतो, पण भाकर पचायला वेळ लागतो. शुगर 70 च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, मग भाकर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही ओतू नका, श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा, 108 ला फोन लावा.

लातुरात अभ्यासासाठी रात्र-रात्र जागणाऱ्या पोरांची चूक वेगळी. पेशी ऊर्जा खर्च करतात तसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं, त्यानं झोप येते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवतं, साचलेलं ॲडेनोसिन तसंच राहतं. चहा उतरला की डुलकी येणारच. पोरांनो, झोपा.

वजनासाठी एकदम उपाशी राहणाऱ्यांचं लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक, घटतं. मग मेंदू भूक वाढवतो. त्यात मनाचा कमकुवतपणा काढू नका.

आणि नवरात्राचा उपास धरायचा असेल, तुळजापूरला पायी जायचं असेल, तर इन्सुलिन किंवा गोळीचा डोस आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. साखरेची पुडी पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा, आणि सोबतच्यांना ती दाखवून ठेवा.