ल मूस्तिएला जायचंय? आधी म्युझियम

फ्रान्समध्ये दोर्दोन्यला येणाऱ्या पाहुण्यांना लास्को गुहेतली चित्रं हवी असतात. मी त्यांना ल मूस्तिए या निअँडरथालांच्या, म्हणजे नामशेष झालेल्या प्राचीन मानवांच्या, ठिकाणीही पिटाळते, पण थेट नाही. तिथे दिसतं काय, तर घरांच्या मध्ये, कुंपणापलीकडे, कड्याच्या पोटात मातीची एक उभी भिंत. तयारी नसेल तर माणूस पाच मिनिटांत चहा शोधायला लागतो.

म्हणून आधी लेझ एझीला या. गावात रेल्वे स्टेशन आहे. प्रागैतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला अर्धा दिवस द्या आणि तिथे दगडाची कपची वाचायला शिका. घाव बसला ती चपटी कड शोधा, तिच्याखालचा फुगवटा बघा, मग तिथून पसरलेल्या लहरी. आता कपची उलट्या बाजूने बघा. पाठीवर आधीच्या कपच्यांचे व्रण असतील. निअँडरथाल आधी दगडाचा गाभा चहूबाजूंनी छिलून कासवाच्या पाठीसारखा करायचा आणि मग एकाच घावात हव्या त्या आकाराची कपची काढायचा. म्हणजे हत्यार दगडात असतानाच ठरलेलं! नेवाशाला प्रवरेकाठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना मिळालेल्या तासण्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फक्त तिथे त्या काळच्या माणसाची हाडं मिळालेली नाहीत, त्यामुळे त्या कोणी घडवल्या ते सांगता येत नाही.

ल मूस्तिएला निअँडरथालांची हाडंही मिळाली. 1914 साली संशोधक देनी पेरोनी यांना जेमतेम काही महिन्यांच्या बाळाचा सांगाडा सापडला आणि पुढे तो चक्क हरवला. 1996 मध्ये मिळाला तो याच संग्रहालयाच्या साठ्यात!

मग नदीकाठाने साधारण दहा किलोमीटर वर जा. गाईडबरोबरच आत सोडतात, तेव्हा बुकिंग आधी करा. भिंत खालून वर वाचा, जुने थर तळाशी असतात. चुनखडीच्या टोकदार ढेपा भरपूर दिसल्या, तर तो थंडीचा काळ समजा. गोठणाऱ्या पाण्याने छत फुटून त्या पडतात. पायाशी चकमकीचा तुकडा दिसला तरी उचलू नका.

1908 मध्ये इथेच ओटो हाउझर या प्राचीन वस्तूंच्या व्यापाऱ्याने काढलेला किशोरवयीन निअँडरथालचा सांगाडा मात्र इथे शोधू नका. त्याने तो बर्लिनला विकला. दुसऱ्या महायुद्धात सांगाड्याचं बरंच नुकसान झालं, पण कवटी तिकडच्या नॉयेस म्युझियममध्ये आहे. परतीचं विमान बर्लिनवरून असेल तर एक सकाळ तिच्यासाठी ठेवा.