खरड छाटणी लांबवू नका, काडीला ऊन लागू द्या

द्राक्षाचा माल निघाला की आपण सगळेच जरा सैल पडतो, पण पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत किती घड लागणार हे आत्ता एप्रिल-मेमधेच, खरड छाटणीत (माल निघाल्यावर नवी काडी तयार करायला केलेल्या छाटणीत) ठरतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीला आपण फक्त काडीत आधीच तयार झालेलं बाहेर काढतो, काडीत घडच नसेल तर तेव्हा कितीही डिपिंग करा (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवा), उपयोग नाही.

माल काढल्यावर लगेच कात्री घालू नका. वेल दमलेली असते, तिला १५-२० दिवस विश्रांती द्या, पाणी चालू ठेवा, बोदात (वेलीखालच्या मातीच्या उंच वरंब्यात) चारी घेऊन कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट भरून घ्या. मग ओलांड्यावर (मांडवावरच्या वेलीच्या आडव्या जाड फांदीवर) प्रत्येक काडीचा एक डोळा, म्हणजे कळी, ठेवून छाटा. फूट निघताना उडद्या किडीवर (छोटा भुंगेरा) लक्ष ठेवा, तो फुगलेला डोळाच पोखरतो आणि मग ती जागा मोकळी राहते, म्हणून ओलांड्याची सुटलेली साल आधीच काढून टाका.

आता तारखेचं. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो आणि त्याला कडक ऊन लागतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटलं तर हे दिवस मे महिन्यात येतात, आभाळ मोकळं असतं. माझा एक वर्षी व्यापाऱ्याने माल उचलायला उशीर केला आणि छाटणी गेली ८ मेला, म्हणजे घड तयार व्हायचे दिवस बरोबर जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सगळं ढगाळ. ऑक्टोबरला पोंगे (नवे कोंब) छान जोमदार निघाले, मी खुश, आणि पानं उलगडल्यावर बघतो तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा. ओळीच्या ओळी तशाच. ते बघून पोटात गोळा येतो हो, म्हणून कळकळीने सांगतोय.

फुटींची विरळणी करताना जीव तुटतो हे मान्य, पण फूट ४-५ पानांची झाली की जादाची काढाच. ९ बाय ५ फुटाच्या लागणीत वेलीला २५ ते ३० काड्या भरपूर झाल्या. दुपारी १२ वाजता मांडवाखाली जाऊन उभं राहा, जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत, गच्च सावली असेल तर खालचे डोळे वांझ जाणार.

थॉमसन, सोनाकासारख्या व्हरायटीला सबकेन करायची, म्हणजे काडीचा शेंडा मारून बगलफुटीपासून पुढची काडी घ्यायची. फूट ८-९ पानांची झाली की ७ पानांवर शेंडा मारा, वरची बगलफूट पुढे चालू द्या आणि तिला ५ पानं आली की परत शेंडा मारा, बाकी बगलफुटी काढत राहा. सबकेनच्या गाठीजवळच्या डोळ्यात घड चांगला मिळतो.

खताचं गणित एवढंच, पहिले ३० दिवस नत्र चालेल, वाढ पाहिजे असते. ३० ते ६० दिवसांत नत्र आवरा आणि स्फुरद द्या, ड्रिपमधून १२:६१:० किंवा ०:५२:३४, आणि ६० नंतर पालाश, ०:०:५० वगैरे. शेजाऱ्याची बाग हिरवीगार दिसते म्हणून युरिया सोडायचा मोह होतो, पण या काळात वेल वाढीला लागली की घड मागे पडतो. पाणीही थोडं ताणूनच द्या, पण पानं सुकतील इतकं नाही, आणि बोदावर पाचट अंथरलं तर उन्हाळा सोपा जातो. छाटणीनंतर ४५ व्या दिवशी पाचव्या पानाचं देठ लॅबमधे तपासून घ्या, अंदाजाने पोती ओतण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

काडी ८ ते १० मिलीमीटर जाड असावी, त्याहून जाड झाली म्हणजे नत्र जास्त झालं समजा. सप्टेंबरात काड्या लॅबला देऊन डोळे तपासून घ्या, कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं आणि ऑक्टोबरला कात्री त्याच्या एक डोळा पुढे लावायची.