पहिली सॉलिड-स्टेट टेस्ला कॉइल: आधी गेट, मग ठिणगी

टेस्ला कॉइल म्हणजे उच्च वारंवारतेवर चालणारा, हवेत ठिणग्या काढणारा ट्रान्सफॉर्मर. ठिणगीची फट (स्पार्क-गॅप) वापरणाऱ्या जुन्या कॉइलमध्ये प्रायमरी (वीज घेणारी गुंडाळी) आणि सेकंडरी (ठिणगी काढणारी गुंडाळी) एकाच वारंवारतेवर जुळवत बसावं लागतं. फटीऐवजी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या साध्या सॉलिड-स्टेट कॉइलमध्ये प्रायमरीला अनुनादाचा कपॅसिटरच नसतो. सेकंडरी ज्या वारंवारतेने थरथरते तिचाच सिग्नल परत घेऊन मॉस्फेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) चालू-बंद करायचे, की जुळवणी आपोआप होते. ही कटकट गेली तरी तिच्या जागी दुसरी येते: गेट ड्राइव्ह, म्हणजे मॉस्फेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) सिग्नल देणं. पहिल्या कॉइलमधले मॉस्फेट उडतात ते बहुतेक वेळा गेटवरच्या खराब तरंगामुळे. म्हणून गेटचं काम पक्कं झाल्याशिवाय पॉवरच्या बाजूला वीज द्यायचीच नाही, या क्रमाने पुढचं सगळं लिहिलं आहे.

सेकंडरी

७५ मिमी बाहेरील व्यासाचा, कोरडा, फिक्या रंगाचा पीव्हीसी पाइप घ्या. काळ्या पाइपमध्ये कार्बन असू शकतो, तो टाळा. बारीक पॉलिश पेपर मारा, पुसा आणि वार्निशचा एक हात देऊन वाळवा. ०.२ मिमीची एनॅमलची तार एनॅमलसकट साधारण ०.२२ मिमी भरते, त्यामुळे २२० मिमी लांबीत १००० वेढे बसतात. तार सुमारे २४० मीटर लागते. थोडी जास्तच आणा, कारण मधे जोड दिलेली सेकंडरी त्या जोडापाशीच जळते.

वेढे एकमेकांना चिकटून, पण एकावर एक न चढता बसले पाहिजेत. एखादा वेढा चढला तर तिथपर्यंत उलगडा. वार्निशखाली तो लपेल, पण तिथे ठिणगी फुटायची ती फुटेलच. तारेची टोकं पाइपला भोक पाडून आत नेऊ नका, आतल्या बाजूने ठिणगी वरून खाली धावते. गुंडाळून झाल्यावर वार्निशचे तीन-चार पातळ हात द्या. एकदम जाड थर दिला तर बुडबुडे अडकतात.

या मापांनी इंडक्टन्स २२ मिलीहेन्रीच्या आसपास येतो. वर १५० मिमी व्यासाचं, ४० मिमी जाडीचं अॅल्युमिनियमचं कडं बसवलं की एकूण कपॅसिटन्स ११ पिकोफॅरडच्या आसपास जातो आणि वारंवारता अंदाजे ३२५ किलोहर्ट्झ येते. कड्यावर दोन-तीन सेंटिमीटरची टोकदार तार उभी करा. ती नसेल तर ठिणगी कुठून फुटावी हे कॉइल स्वतः ठरवते, आणि बरेचदा प्रायमरीकडे झेप घेते.

प्रायमरी आणि अर्थ

सेकंडरीच्या तळाशी, ९५ मिमी व्यासाच्या पाइपवर १.५ चौरस मिमीच्या इन्सुलेटेड वायरचे १० वेढे घ्या. त्याचा इंडक्टन्स १२ मायक्रोहेन्रीच्या जवळ येतो. ३२५ व्होल्टच्या हाफ-ब्रिजवर (दोन मॉस्फेट आळीपाळीने चालू होणारी जोडणी) नुसता मॅग्नेटायझिंग करंटच (सेकंडरीला ऊर्जा न देता प्रायमरीतच फिरणारा) सुमारे १० अॅम्पिअरच्या शिखरापर्यंत चढतो. वेढे निम्मे केले तर हाच आकडा तिप्पट-चौपट होतो. ‘कमी वेढे, मोठी ठिणगी’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पहिल्या कॉइलवर त्याच्या नादी लागू नका. प्रायमरीचा वरचा वेढा सेकंडरीच्या खालच्या चौथ्या भागातच राहू द्या.

सेकंडरीचं खालचं टोक घराच्या अर्थिंगला जोडलं तर उच्च वारंवारता घरभर फिरते. त्याऐवजी जमिनीत ठोकलेली वेगळी सळई, किंवा ते शक्य नसेल तर कॉइलखाली अंथरलेला अॅल्युमिनियमचा मोठा पत्रा वापरा.

गेट ड्राइव्ह

दोन ड्रायव्हर आयसी लागतात: यूसीसी २७३२१ (उलटवणारा) आणि यूसीसी २७३२२ (न उलटवणारा). दोघांचे इनपुट एकत्र, दोघांना १२ व्होल्ट. त्यांच्या दोन आउटपुटमध्ये गेट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, तिच्याशी सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. प्रत्येक आयसीच्या पायाशी, अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरड लावा. इथे दोन सेंटिमीटरचा आळस केला तर तो ऑसिलोस्कोपवर (तरंग दाखवणाऱ्या यंत्रावर) लगेच दिसतो.

गेट ट्रान्सफॉर्मरसाठी २५ ते ३० मिमीचं फेराइट कडं, जास्त पर्मिएबिलिटीचं. तीन वेगवेगळ्या रंगांच्या इन्सुलेटेड तारा एकत्र पिळून १२ वेढे घाला. जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेली पिवळी-पांढरी कडी लोखंडाच्या भुकटीची असतात, ती इथे निरुपयोगी. ओळखायला सोपं आहे: १२ वेढ्यांचा इंडक्टन्स मोजा. काहीशे मायक्रोहेन्री आला तर ठीक, १००च्या खाली आला तर कडं बाजूला ठेवा.

दोन सेकंडरी तारांपैकी वरच्या मॉस्फेटला सुरुवातीचं टोक गेटकडे, खालच्याला सुरुवातीचं टोक सोर्सकडे. दोन्ही सारखीच जोडली तर दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी चालू होतात आणि पुरवठा थेट शॉर्ट होतो. प्रत्येक गेटला ६.८ ओहमचा रेझिस्टर द्या, त्याला समांतर १एन५८१९ डायोड लावा, कॅथोड ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला. गेट हळू भरतं आणि झटकन रिकामं होतं, त्यामुळे दोन्ही मॉस्फेटच्या मधे थोडी मोकळी वेळ मिळते. गेट आणि सोर्समध्ये १८ व्होल्टचे दोन झेनर पाठीला पाठ लावून टाका. ट्रान्सफॉर्मरपासून गेटपर्यंतच्या तारा पिळलेल्या आणि ५ सेंटिमीटरच्या आत ठेवा.

फीडबॅक आणि इंटरप्टर

सेकंडरीचा सिग्नल पकडायला १५-२० सेंटिमीटर तारेचा अँटेना ७४एचसी१४ या इन्व्हर्टर आयसीच्या इनपुटला जोडा. इनपुटपासून ५ व्होल्टकडे आणि ग्राउंडकडे १एन४१४८चा एकेक डायोड लावा, नाहीतर पहिल्याच ठिणगीला आयसी जाईल. या आयसीचं आउटपुट दोन्ही ड्रायव्हरच्या इनपुटला. न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडायला विसरू नका.

इंटरप्टर म्हणजे कॉइल थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद करणारा भाग, तो ५५५ या टायमर आयसीचा. ५५५ला ५ व्होल्ट द्या. ५ व्होल्ट ते पिन ७ मध्ये २.२ किलोओहम, पिन ७ ते पिन ६ मध्ये १०० किलोओहम आणि ४७० किलोओहमचं पॉट (बदलता रेझिस्टर) सिरीजमध्ये, त्यांना समांतर १एन४१४८, कॅथोड पिन ६ कडे. पिन ६ आणि २ एकत्र, तिथून ग्राउंडला ४७ नॅनोफॅरड. पिन ४ ही ५ व्होल्टला. चालू वेळ १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास येते आणि पॉट फिरवून सेकंदाला ठिणगीचे ५० ते ३०० झटके मिळतात. पिन ३ दोन्ही ड्रायव्हरच्या इनेबल पिनला.

पॉवर

२३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय केला की ३२५ व्होल्ट डीसी मिळतात. हा माणूस मारायला पुरेसा आहे. ठिणगीपेक्षा खरी भीती याचीच. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळं करणारा), मग व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा), ५ अॅम्पिअरचा फ्यूज, २५ अॅम्पिअर १००० व्होल्टचा ब्रिज रेक्टिफायर, ४७० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा कपॅसिटर, असा क्रम. नुसता व्हेरिअॅक आयसोलेशन देत नाही. कपॅसिटरवर ४७ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा. बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा, मीटरने मोजा, मगच हात घाला.

दोन आयआरएफपी ४६० मॉस्फेट हीटसिंकवर, मधे मायकाचा इन्सुलेटिंग तुकडा घालून. हाफ-ब्रिजच्या दुसऱ्या बाजूला १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे दोन पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सिरीजमध्ये. प्रायमरी त्यांचा मध्य आणि मॉस्फेटचा मध्य यांच्यामध्ये. मॉस्फेटच्या पायांजवळ बसवर (३२५ व्होल्ट डीसीच्या दोन तारांमध्ये) आणखी एक ०.४७ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन हवाच.

चाचणी

बसला वीज न देता अँटेना काढा, इनेबल ५ व्होल्टला धरा आणि ७४एचसी१४ला सिग्नल जनरेटरने ३२५ किलोहर्ट्झ द्या. दोन्ही गेट स्कोपवर पाहा: एक वर असताना दुसरं खाली, साधारण अधिक-उणे १२ व्होल्ट, कडा उभ्या, टोकाला फार थरथर नाही. कडा लोळत असतील तर कडं चुकीचं किंवा तारा लांब. ऑसिलोस्कोप नसेल तर उसना आणा. ही पायरी वगळून पुढे जाऊ नका.

मग अँटेना आणि इंटरप्टर परत जोडून बसला ३० व्होल्ट द्या, करंट १ अॅम्पिअरवर मर्यादित ठेवून. अँटेना कॉइलपासून २०-३० सेंटिमीटरवर. फ्लुरोसंट नळी जवळ धरल्यावर उजळली की कॉइल चालू आहे. काहीच घडलं नाही तर प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. फेज उलटा असण्याची शक्यता निम्मी असतेच. तरीही नाही, तर अँटेना थोडा जवळ आणा.

इथपर्यंत जमलं की व्हेरिअॅकने हळूहळू चढा. दर ५० व्होल्टला थांबा, वीज बंद करा, बस रिकामी झाल्याची खात्री करा आणि हीटसिंक चाचपा. वर पोहोचेपर्यंत ठिणगी बोटाएवढीची वीतभर होते. तिला हात लावू नका: झटका जाणवत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण त्वचेच्या आत खोल भाजतं. पेसमेकर असलेली व्यक्ती त्या खोलीत नको, मोबाइल आणि मीटर दोन-तीन मीटर लांब, खिडकी उघडी, कारण ओझोन साठतो.

मॉस्फेट उडालाच तर दोन्ही बदला, आणि नवे बसवण्याआधी गेट रेझिस्टर, झेनर आणि ड्रायव्हर तपासा. ड्रेन-गेट शॉर्ट झालं की ३२५ व्होल्ट मागे घुसतात आणि नवी जोडी पहिल्याच सेकंदाला जाते. पूर्ण व्होल्टेजवर थोडा वेळ चालून उडत असतील तर हीटसिंक आणि चालू वेळ बघा. स्विच दाबताक्षणी उडत असतील तर गेट ट्रान्सफॉर्मरची टोकं पुन्हा मोजा.